तीन घमेली हाडं

१

कॅम्पातल्या जादूबंगल्यामागे सोमवारी सकाळी पाण्याची लाईन टाकायला जेसीबी आला. सीताफळाच्या झाडाखालची एक शहाबादी फरशी त्याने उचकटली, आणि नगरात एखादं सरकारी काम ठरल्या दिवशी सुरू झाल्याचा पश्चात्ताप सगळ्यांना एकाच वेळी झाला.

फरशीखाली विटांनी बांधलेला खड्डा होता, आणि खड्ड्यात हाडं. सगळ्यांत वर लहान मुलीचा गुलाबी फ्रॉक होता. गुंडाळी केलेला, तांबड्या डागांनी माखलेला. त्या फरशीच्या डाव्या-उजव्या बाजूला आणखी एकेक फरशी होती. त्याही उचलल्या. तिथेही हाडं.

जेसीबीवाल्याने मशीन बंद करायच्या आधी मोबाईल चालू केला.

जादूबंगला हे लोकांनी ठेवलेलं नाव. पाटीवरचं नाव 'त्रिदीप बंधुमंडळ'. इंग्रजांच्या काळात चार साहेब आणि चार वकिलांनी मिळून काढलेली ही सभा. महिन्यातून एका शनिवारी दारं-खिडक्या लावून बसायची. आत काय चालतं ते बाहेर सांगायचं नाही, अशी तलवारीवर हात ठेवून शपथ. त्यामुळे आत काय चालतं हे सगळ्या नगराला ठाऊक होतं. आत बोलणारी कवटी आहे. सभासद मेला की त्याचा फोटो आपोआप भिंतीकडे तोंड करतो. कुठे पूल बांधायचा असला की मूल इथून जातं. एके काळी पन्नास-साठ सभासद होते. आता तीन उरले होते. अफवा मात्र एकही कमी झाली नव्हती.

दुपारपर्यंत मोबाईलवर हरवलेल्या मुलींची नावंसुद्धा फिरू लागली. पोलीस ठाण्यात मूल हरवल्याची तक्रार घेऊन एकही आई आली नव्हती. पण आईवाचून कोणाचं काही अडलं नाही.

अडलं ते लंकाबाईचं. तीस वर्षं बंगला झाडणारी, मागच्या खोलीत राहणारी, किल्ली सांभाळणारी लंकाबाई. खड्डे तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. लेक-जावई ऊसतोडीला गेलेले, सात वर्षांची नात सृष्टी तिच्यापाशी. कालपर्यंत जिच्या हातचा चहा चालत होता, तिच्या खोलीवर आज दगड पडले. फौजदार आदिनाथ ढाकणे यांनी तिला चौकीत नेऊन बसवलं, आणि सृष्टीला मरियाबाईंच्या घरी सोडलं.

"उद्या सकाळी बालगृहाची गाडी येईल मावशी," आदिनाथ म्हणाला. "वरून फोन आलाय. आरोपीच्या घरात मूल ठेवता येत नाही."

"आरोपी?" मरियाबाई म्हणाल्या. "थांब, चप्पल घालते."

२

मरिया भिंगारदिवे मिशनच्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. आदिनाथ त्यांच्याच हातावर जन्मला होता, आणि हे त्या त्याला वर्दीतही विसरू देत नसत. आयुष्यभर पू, रक्त, उलट्या आणि डॉक्टर पाहिल्यामुळे त्यांना किळस म्हणून येत नाही, असा त्यांचा स्वतःविषयी समज होता.

चौकीमागच्या पडवीत तीन घमेली मांडली होती, प्रत्येक खड्ड्याचं एक. वास असा होता की पहाऱ्यावरचा हवालदार गोरक्ष रस्त्याच्या पलीकडे उभा राहून पहारा देत होता.

मरियाबाईंनी पदर नाकाला लावला, एक हाड उचललं आणि ठेवलं. "बोकड."

"ते मलाही कळतं," आदिनाथ म्हणाला. "मी पाथर्डीचा आहे. पण तपासणीचा कागद यायला महिना लागेल, आणि मोर्चा पाच वाजता आहे. त्यांना सांगितलं, हे बोकडाचं आहे. ते म्हणाले, मग फ्रॉक काय बोकडाने घातला होता?"

फ्रॉक मधल्या घमेल्यात होता. मरियाबाईंनी तो दोन बोटांनी उलगडला. आत मूठभर हाडं. कापडावर घड्यांच्या कडक रेषा. मानेपाशी किमतीचा कागद तोडून उरलेला दोरा.

"हा कधी कोणी घातलेलाच नाही. दुकानातून थेट इथे." मग त्यांनी ते केलं, ज्याची आठवण त्यांना पुढे कित्येक दिवस जेवणाच्या वेळीच होत राहिली. डागाशी नाक नेलं. "काळा मसाला. भाजलेलं खोबरं. आदिनाथ, रक्ताला वाटण लावत नाहीत. कोणीतरी मटण चापलं, आणि ताटातली हाडं ह्या फ्रॉकात बांधून पुरली."

"लंकाबाईने?"

"लंकाकडे मटण आलं असतं, तर तिने आधी सृष्टीला दिलं असतं. आणि सृष्टीने ते गल्लीभर सांगितलं असतं." त्या बाकीची घमेली चाळू लागल्या. डावीकडच्यात सगळ्यांत वर तेलकट पांढऱ्या रुमालाची पुरचुंडी, आत हाडं. खाली तसेच रुमाल, कुजत कुजत चिंध्या झालेले. उजवीकडच्यातही तसंच. मधल्यातही खाली रुमालच रुमाल. फक्त सगळ्यांत वरचा रुमाल नव्हता. त्याच्या जागी फ्रॉक.

आत लंकाबाई बाकावर बसली होती. डोक्याला दगड लागला होता तिथे हळद दाबलेली.

"लंका, शनिवारी आत मटण असतं ना?"

लंकाबाई डोक्यावरची हळद चाचपू लागली.

"अगं, उद्या पोरीला नेतील! बोल की."

"शपथ हाय, मेट्रनबाई." ती हळूच म्हणाली. "कामाला लागले तवा तलवारीवर हात ठिवून घेतली. आत काय दिसलं, कसला वास आला, कुनाला सांगायचं न्हाई. सृष्टीची आन घाटली हाय पुन्हा, मागच्या वर्सी."

"कोणी घातली?"

"ते बी सांगायचं न्हाई."

मरियाबाई बाहेर आल्या. किळस येत नाही हा समज आता डळमळू लागला होता.

३

पहिले आबासाहेब. निवृत्त वकील, मंडळाचे मुख्य दीपधारी, गळ्यात तुळशीची माळ, सप्ताह कमिटीचे अध्यक्ष. चहात बिस्कीट बुडवून ते पूर्ण विरघळेपर्यंत त्याच्याकडे सहानुभूतीने पाहत होते. मग चमच्याने प्यायले. टेबलावरच्या वाटीत कवळी पोहत होती.

"शनिवारी मंडळात काय जेवता, आबासाहेब?"

"फलाहार." कवळी नसल्यामुळे तो शब्द चारही बाजूंनी निसटला.

"काळ्या मसाल्याची फळं?"

"मरियाबाई, मी माळकरी आहे. आणि मंडळाच्या गोष्टी बाहेर बोलता येत नाहीत."

"लंका तुरुंगात जाईल."

"कायदा आपलं काम करील," आबासाहेब म्हणाले. चाळीस वर्षं वकिली केल्यावर माणूस हे वाक्य चेहरा न हलवता म्हणू शकतो.

दुसरे काकासाहेब. प्लॉटिंगचा धंदा. पत्र्याच्या ऑफिसात बसून अख्खी सुपारी दाढेखाली धरली, काडकन फोडली आणि हसले. "या मेट्रनबाई. मला माहितीये तुमच्या मनात काय हाय. बंगल्याची जागा मला पाहिजे, म्हणून मी फ्रॉक टाकला. सकाळपासून दोघं पत्रकार येऊन गेले."

"जागा नको का?"

"पाहिजे की! पण सही आबांची लागते. बंगल्याचं नाव खराब झालं, तर तो प्लॉट घेणार कोण? बळीच्या खड्ड्यावर बेडरूम बांधू? मला गिऱ्हाईक लागतं बाई, भूत न्हाई."

"मटण तरी खाता ना?"

"मी कुठंबी खातो. गाव बघतं." मग त्यांनी आवाज उतरवला. "पण मंडळातलं विचारू नका. आमचा पहिला नियम, दुसऱ्याची फरशी उचलायची न्हाई."

"म्हणजे?"

काकासाहेबांना सुपारी अचानक फार कडक लागली. "म्हन हाय आमची एक," ते म्हणाले आणि फोनवर कोणाशी तरी बोलू लागले. फोन वाजला नव्हता.

तिसरे प्राचार्य भागवत. शाकाहार प्रसार समितीचे संस्थापक. जिल्ह्यातल्या शाळाशाळांत त्यांचं व्याख्यान झालेलं, आणि पोरं दुसऱ्या दिवशी डब्यातलं अंडं लपवून खायला शिकलेली. बैठकीत गायीचं मोठं चित्र. सरांनी मरियाबाईंना खारे शेंगदाणे दिले, किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेली चांदीची कानकोरणी काढली, मन लावून डावा कान कोरला, मग उजवा. बोलता बोलता दातात अडकलेला शेंगदाणाही त्याच कोरणीने काढला.

मरियाबाईंनी हातातले शेंगदाणे बशीत परत ठेवले.

"आम्ही तिथे चिंतन करतो," सर म्हणाले. "हाडांचा मंडळाशी संबंध नाही. त्या बाईवर माझा कधीच विश्वास नव्हता. मागे राहते, कोण येतं-जातं, कोणास ठाऊक."

"तीस वर्षं किल्ली तिच्याकडे होती, सर."

"म्हणूनच म्हणतो." सरांनी कोरणी धोतराच्या सोग्याला पुसली. "आणि हाडांवर काही नाव लिहिलेलं नसतं, मरियाबाई."

४

चौकीत परतून मरियाबाईंनी बादलीभर पाणी, जुना टूथब्रश आणि वर्तमानपत्र मागवलं. प्रत्येक घमेल्यातली वरची हाडं त्यांनी घासली आणि वेगवेगळ्या कागदांवर मांडली. गोरक्ष आता रस्त्याच्याही पलीकडे, मेडिकलच्या दुकानात उभा होता.

पाऊण तास त्या पाहत राहिल्या. मग हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले, आणि तिसऱ्यांदा धुताना त्यांच्या लक्षात आलं की घाण हाताला नाहीच आहे.

"आदिनाथ, तिघांना बंगल्यावर बोलाव. लंकालाही आण. आणि ही हाडं घे."

"मोर्चा निघालाय मावशी."

"मग लवकर बोलाव."

५

जादूबंगल्याच्या आतल्या दालनात लंकाबाईखेरीज बाहेरचं माणूस प्रथमच येत होतं. छताला निळा रंग आणि पुठ्ठ्याचे तारे. तीन खुर्च्या, त्यांच्या गाद्यांना झुरळांनी आतून पोखरलेलं. गंजकी तलवार. बोलणारी कवटी प्लास्टरची होती, आणि तिच्या डोळ्याच्या खोबणीत कोणीतरी दात कोरून झालेल्या काड्या खोचल्या होत्या. शंभर वर्षं नगर ज्याला घाबरलं ते हे. मरियाबाईंना वाटलं, मूल बळी देत असते तरी निदान जागा झाडून घेतली असती. मग आठवलं की झाडणारी बाई दिवसभर चौकीत होती.

बाहेरून घोषणा येऊ लागल्या होत्या.

टेबलावर तीन कागद. त्यांवर हाडं.

"आधी रुमाल," मरियाबाई म्हणाल्या. "लंकाने सकाळी उचलायला ताटात हाड शिल्लक राहू नये, म्हणून प्रत्येक बंधू आपल्या ताटातली हाडं आपल्या रुमालात बांधतो आणि आपल्या खड्ड्यात पुरतो. तीन बंधू, तीन फरश्या. दुसऱ्याची फरशी उचलायची नाही. काकासाहेब, म्हण चांगली आहे."

काकासाहेब छताचे तारे मोजू लागले.

"ह्या शनिवारी दोघांनी रुमालात बांधली, तिसऱ्याने फ्रॉकात. सोमवारी जेसीबी येणार हे तिघांनाही माहीत होतं. लंकाच्या दारासमोर वर्षानुवर्षांचे खड्डे दीड दिवसात गुपचूप रिकामे होणार नव्हते, हाडं निघणारच होती. प्रश्न एवढाच की मधला खड्डा कोणाचा."

"हे सगळं अनुमान आहे," भागवत सर म्हणाले. "हाडांवर..."

"नाव नसतं, बरोबर. हे डावीकडचं बघा. दाताची खूण नाही. मांस बोटांनी सोडवलंय, सांध्याचा चिवट भाग तसाच राहिलाय. ज्याची कवळी वाटीत राहते, त्याचं हे ताट."

आबासाहेबांचा हात माळेवर गेला आणि तिथे जागा न मिळाल्यासारखा परत आला.

"हे उजवीकडचं. टोकं चावून भुगा केलीत. सुपारी फोडणारी दाढ."

"दाढ आपलीच," काकासाहेब म्हणाले. त्यांना मनातून थोडा अभिमान वाटला असावा.

"आणि ही फ्रॉकातली. बाहेरून नळी अख्खी आहे. पण आत बघा. एवढी स्वच्छ मी ऑपरेशन थिएटरमध्येही पाहिली नाही. आत बारीक वाकडे ओरखडे आहेत, सगळे एका बाजूने. खालच्या जुन्या हाडांतही तसेच. दाताने, काडीने हे होत नाही. टोकाला इवली वाटी असलेलं काहीतरी लागतं. सर, किल्ल्या द्या जरा."

भागवत सरांनी जुडगं मुठीत आवळलं. आदिनाथने हात पुढे केला. जुडगं टेबलावर आलं.

मरियाबाईंनी चांदीची कानकोरणी नळीत घातली. ती ओरखड्यांत अशी बसली की जणू घरीच आली. बाहेर काढली तेव्हा वाटीच्या कडेला जुनी हळद धरलेली दिसली. आणखी काय धरलं होतं, ते कोणी विचारलं नाही. आदिनाथने फक्त डोळे मिटले.

"सर," त्याने डोळे न उघडता विचारलं, "का?"

सरांचा आवाज व्याख्यानातला होता. "हाडं निघाली की लोकांनी पहिला प्रश्न काय विचारला असता? खाल्लं कोणी. तीस वर्षांचं काम गेलं असतं माझं. फ्रॉक असला की तो प्रश्न कोणी विचारत नाही. आणि ह्या बंगल्याबद्दल लोक असलं बोलतच होते. मी नवीन काय सांगितलं?"

"आणि लंका?"

"महिन्याने कागद आला असता. सुटली असती."

"आणि सृष्टी?"

सर गायीचं चित्र शोधल्यासारखे भिंतीकडे पाहत राहिले. इथे गाय नव्हती.

मरियाबाई दुसऱ्या दोघांकडे वळल्या. "सरांचं कारण एक वेळ मला कळलं. पण मधला खड्डा कोणाचा हे तुम्हा दोघांना फ्रॉक निघाला त्याच क्षणी कळलं होतं. सकाळपासून ती बाई दगड खातेय, आणि तुम्ही एक बिस्कीट भिजवताय, एक सुपारी फोडताय."

"शपथ होती," आबासाहेब म्हणाले.

"ती तर हिलाही होती." मरियाबाईंनी लंकाबाईकडे बोट केलं. "हिने डोकं फोडून घेऊन पाळली. तुम्ही हिचं डोकं फोडून पाळलीत."

लंकाबाई दारापाशी उभी होती. दालनाच्या मधोमध तीन दिव्यांच्या नक्षीची सतरंजी होती, फक्त बंधूंनीच पाय ठेवायची. तीस वर्षं ती तिच्या कडेकडेने झाडत आली होती. आता ती सरळ सतरंजीवरून चालत आली आणि गंजक्या तलवारीवर तिने हात ठेवला.

"आबा, माजी शपथ सोडवा."

आबासाहेब घुटमळले. "शपथ घ्यायचा विधी आहे, लंकाबाई. सोडायचा... तसा काही नाही."

"मंग मीच सोडते. सरांनी घाटलेली सृष्टीची आन बी." तिने हात काढला, लुगड्याला पुसला. "मेट्रनबाई, आता इचारा काय इचारायचं ते."

"आता काय विचारायचं राहिलंय?"

"एक ऱ्हायलंय. तीस वर्सं दर म्हैन्याच्या त्या शनवारी मी मागच्या खोलीत वास घेत बसले. पोरं लहान हुती तवा ती बी बसायची. दाराला नाक लावून. ह्यातल्या एकानं कदी वाटीभर रस्सा भाएर दिला न्हाई. भ्यायचे, वाटी भाएर गेली तर गावाला कळंल म्हनून." तिने कमरेची किल्ली काढून सतरंजीवर टाकली. "हेच हाय ह्यांचं गुपित. दुसरं काय न्हाई आत."

६

आदिनाथने पायरीवर उभं राहून मोर्च्याला सगळं सांगितलं. मूल नाही, बळी नाही, कवटी प्लास्टरची. एवढ्या लांब उन्हातून आलेल्या माणसांची ही फसवणूकच होती.

"म्हणजे नुसतं मटण?" कोणीतरी दुखावल्या आवाजात विचारलं.

मग मागून एकाला सुचलं. "माळ घालून मटण!" आणि मोर्च्यात पुन्हा जीव आला. आबासाहेबांना मागच्या दाराने काढावं लागलं. भागवत सरांना पोलिसांच्या गाडीत बसवताना लोकांनी धिक्कार केला तो शाकाहारासाठी. बाईला खोट्या खुनात अडकवल्याबद्दल एकही घोषणा झाली नाही. तशा घोषणेला यमक जुळत नव्हतं म्हणा, किंवा कोणाला सुचली नाही. सकाळी दगड मारलेल्यांपैकी दोघं लंकाबाईजवळ आले. तिला वाटलं माफी मागतील. त्यांनी विचारलं, "काकू, आत फोटो काढायला सोडाल का?"

मरियाबाईंनी तिचा हात धरला आणि गर्दीतून बाहेर काढलं. वाटेत भिंगारला खाटकाच्या दुकानापाशी त्या थांबल्या. एवढ्या घमेल्यांनंतर त्या दुकानात शिरणं म्हणजे मेट्रनच्या नोकरीतल्या सगळ्या रात्रपाळ्यांपेक्षा अवघड काम होतं. पण त्या शिरल्या, आणि मांडीचं अर्धा किलो, नळीसकट, घेऊन आल्या.

घरी वाटण त्यांनी पदर नाकाला लावून परतलं. सृष्टीला वाढलं, लंकाबाईला वाढलं. स्वतःसाठी वरणभात घेतला आणि ताटाकडे न बघता जेवायला बसल्या.

बालगृहाच्या गाडीला येऊ नको म्हणून आदिनाथने फोन केला होता. तो दारातूनच सांगून गेला; वास आल्यावर आत यायचं धाडस त्याला झालं नाही.

सृष्टीने रस्सा भुरकला. लंकाबाईने नळी तोंडाला लावून ओढली, पुन्हा ओढली, मग ती मुठीत लपवून इकडेतिकडे पाहू लागली.

"काय झालं?"

"मेट्रनबाई," लंकाबाई हळू आवाजात म्हणाली, "हाड कुटं टाकू?"

मरियाबाईंनी तिची मूठ उघडली.

"ताटात ठेव, लंका. सगळ्यांसमोर."